कापसाच्या रस्त्यांवर सायकल

यवतमाळ जिल्ह्यात सायकलने फिरू पाहणाऱ्याने आधी रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड वाचायला शिकावं. दगडाचा माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. माथा नारिंगी असेल तर तो गावाकडे वळणारा, ग्रामसडक योजनेतला रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली आणि पावसाळ्यात तुटून पडणारी कितीतरी गावं तिच्यामुळे डांबराला जोडली गेली. गावकऱ्यांसाठी झालेले हे रस्ते सायकलवाल्यालाही सर्वांत सोयीचे आहेत. अरुंद, कमी रहदारीचे, दोन्ही बाजूंना वावरं. समोरून येणार ती दुधाच्या कॅनची मोटारसायकल, एखादी बंडी, नाहीतर शेळ्यांचा कळप.

रस्त्यांची प्रतवारी विदर्भातच ठरली, हे फार जणांना ठाऊक नसतं. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी भारतातल्या रस्त्यांचा पहिला दीर्घ मुदतीचा आराखडा मांडला. राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग हे पाच वर्ग तिथले. शेतीच्या चांगल्या मुलखात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असं उद्दिष्ट त्यात होतं. रस्त्यांच्या जाळ्याची मांडणीही ठरली होती: मोठ्या गावातून चारी दिशांना निघणारे रस्ते, आणि त्या रस्त्यांना आडवे जोडणारे रस्ते. निघणाऱ्या रस्त्यांवर बस, ट्रक, बाजाराची गर्दी. आडव्या रस्त्यांवर शांतता. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, सायकलवर रमतगमत पाऊण तास. सायकलची चांगली फेरी जमवायची तर एका मोठ्या रस्त्याने बाहेर पडायचं, आडव्या रस्त्याने दुसऱ्या मोठ्या रस्त्यावर यायचं आणि तिथून परत फिरायचं. आलेल्या वाटेनंच परत जाण्याची वेळ येत नाही.

या जाळ्याचं मूळ मात्र अभियंत्यांच्याही आधीचं आहे. वऱ्हाडात एका गावाचं शिवार संपलं की दुसऱ्याचं लागतं, आणि चार-पाच किलोमीटरवर पुढचं गाव असतंच. आठवडी बाजाराचं गाव त्यातल्या बहुतेकांना इतकं जवळ, की सकाळी बंडी जुंपावी, विकायचं ते विकावं, मीठ-मिरची घ्यावी आणि दिवेलागणीच्या आत घरी यावं. बैलांच्या चालीने अंतरं ठरली, अंतरांनी बाजार ठरले, बाजारांनी रस्ते ठरले. मोटारीला हे जाळं फार दाट पडतं, पायी चालणाऱ्याला फार लांब. सायकलला ते अगदी मापाचं आहे. यवतमाळ जिल्ह्यात सायकलमार्ग नव्याने बांधण्याची गरज नाही असं मी म्हणतो, ते याच कारणाने. कापूस आणि बाजार यांनी ते बांधून ठेवले आहेत. ते कसे जोडायचे, कोणत्या दिवसांत जायचं आणि कुठे जायचं नाही, एवढं शिकायला हवं.

त्यासाठी कळंब हे गाव घेऊ. तालुक्याचं ठिकाण, बाजारपेठ, यवतमाळपासून सुमारे २३ किलोमीटर. तुळजापूर–नागपूर हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचा पहिला टप्पाही इथेच येऊन थांबला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब हा ३९ किलोमीटरचा भाग सुरू झाला आणि कळंबला पहिल्यांदा रेल्वे आली. नागपूर-वर्ध्याकडच्या सायकलस्वारांना या मुलखाचं दार त्यामुळे उघडलं. गाडीची वेळ आणि सायकल नेण्याचे नियम मात्र स्टेशनवर आधी विचारून घ्यावेत.

गाव आज लहान दिसतं, पण जुनं आहे आणि कधीकाळी फार मोठं होतं. अकबराच्या काळातल्या 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे, तीत कळंब हे एका सरकारचं मुख्य ठिकाण आहे. आज जिल्ह्याचं ठिकाण असलेलं यवतमाळ त्या वेळी योत-लोहारा नावाचा एक परगणा होतं. कळंबचं चिंतामणीचं देऊळ विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. चक्रवती नदीकाठच्या या देवळात देवाकडे जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, कारण गाभारा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बराच खोल आहे. शेजारच्या कुंडाचं पाणी बारा वर्षांनी वर चढून देवाच्या पायांना लागतं अशी श्रद्धा आहे. सकाळी सायकल बाहेर लावून दर्शन घ्यावं, बाटल्या भरून घ्याव्यात आणि निघावं. आलुबोंडा आणि तर्री-पोहे परत आल्यावर खावेत, चढावर ते जड पडतात.

निघण्याआधी पायाखालच्या मातीची ओळख करून घेणं भाग आहे. यवतमाळमध्ये सायकलची फेरी सुखाची होते की हालाची, हे चढ-उतारांपेक्षा मातीवर जास्त ठरतं.

जिल्ह्याचा बहुतेक भाग लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड कुजून जी माती झाली ती आपली कपाशीची काळी जमीन. तिच्यातली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट या जातीची असते. तिचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांचे. पाऊस पडला की पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, उन्हाळ्यात पाणी गेलं की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याच गुणामुळे ती ओल धरून ठेवते, आणि पाऊस गेल्यावरही कपाशी महिनोन्‌महिने उभी राहते. याच गुणामुळे रस्ता मात्र तिच्यावर नीट बसत नाही. डांबराच्या मधल्या भागाखाली ओल टिकते, कडेची माती आधी वाळते. कडा खचतात, रस्ता लाटांसारखा वरखाली होतो आणि कडेपासून हात-दीड हातावर लांबच लांब चीर पडते. ही चीर रस्त्याच्या लांबीलाच धरून जाते. सायकलवाला रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेला असतो, तिथेच ती असते. शर्यतीच्या सायकलचं बारीक चाक त्या चिरेत गेलं की बाहेर निघत नाही, माणूस आडवा होतो. म्हणून इथे रुंद टायर हवं. निदान ३५ ते ४० मिलिमीटरचं. आपल्या गावातली जुनी काळी सायकल, २८ इंची चाकाची आणि दीड इंच रुंद टायरची, शेतकऱ्याने दोन पोती लादून पांदणीने नेलेली, ती या बाबतीत पूर्वीपासून बरोबर होती.

पावसात या मातीचा दुसरा अवतार दिसतो. ओल्या पांदणीत दहा पावलं सायकल ढकलली की टायरला माती चिकटते. पुढच्या दहा पावलांत त्या मातीला आणखी माती आणि गवताच्या काड्या चिकटतात. मग हा थर मडगार्डला जाऊन भिडतो आणि चाक फिरायचंच थांबतं. बाभळीची काडी घेऊन मडगार्डखालून माती उकरत बसावं लागतं, आणि उकरून झाल्यावर चार हात गेलं की पुन्हा तेच. सायकल खांद्यावर घ्यावी तर तिचं वजन मातीने दुप्पट झालेलं. म्हणून पाऊस उघडल्यावर दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय काळ्या मातीच्या वाटेला जाऊ नये. टेकड्यांच्या अंगाला माती पातळ असते, खाली मुरूम. त्याला इथे बरड म्हणतात. बरड जमिनीत पीक बेताचं येतं, पण रस्ता पक्का राहतो आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात सायकल चालवता येते. पावसाळ्यात डोंगराकडे आणि हिवाळ्यात नदीकडे, असा साधा नियम त्यातून निघतो.

कळंबहून हिवाळ्यातली सोपी फेरी वर्धा नदीची. ही नदी जिल्ह्याची ईशान्येकडची सीमा आहे आणि कळंबपासून पंधरा किलोमीटरच्या आत लागते. महामार्ग सोडून गावागावांतून जावं. जाताना किंचित उतार, येताना किंचित चढ. पण हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून असतो, म्हणजे जाताना तोंडावर आणि दमलेल्या पायांनी परतताना पाठीशी. नदीकाठची जमीन खोल काळी. नोव्हेंबरपासून इथे कापसाची वेचणी चालू असते. पहिल्या वेचणीला कपाशीची पूजा करून सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग ओटीत पहिला कापूस पडतो. वेचणाऱ्या बाया सकाळीच वावरात पोचलेल्या असतात आणि मजुरी किलोवर असते, त्यांचा हात थांबला की पैसा थांबतो. त्यांचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारावं, आणि नाही म्हटलं तर पुढे निघावं. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा उकडून खायचे दिवस येतात. वावरातल्या माणसाशी दोन शब्द बोललात तर मूठभर शेंगा हातात पडतातच.

माझ्या मते कळंबची सर्वांत चांगली फेरी मात्र त्रिकोणाची आहे: कळंब, यवतमाळ, बाभूळगाव आणि परत कळंब. सगळी मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तिच्यात या मुलखाचा भूगोल आणि इतिहास दोन्ही चाकाखालून जातात.

पहिला भाग चढाचा. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे, पठारावर. जुन्या वऱ्हाडाचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानत. पायनघाट खालचा सपाट मुलूख, बालाघाट वरचा डोंगराळ. कळंबहून यवतमाळला जाताना आपण एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत असतो. हा रस्ता महामार्गाचा आहे, म्हणून तो उजाडता उजाडता संपवावा. थंडी असते, वाहनं कमी असतात आणि पाय ताजे असतात. चढत गेलं तशी दोन्ही बाजूंची माती फिकी होत जाते, कपाशीची उंची कमी होते आणि सागाची झाडं दिसू लागतात. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेला पाषाण, माती आणि पीक यांचा संबंध दीड-दोन तासांत डोळ्यांनी पाहून होतो.

यवतमाळहून बाभूळगावकडे निघालेला रस्ता धामणगावचा. १८६७ साली मुंबईहून निघालेली लोहमार्गाची गाडी नागपूरला पोचली, तेव्हा यवतमाळ तिच्या वाटेवर आलं नाही. सर्वांत जवळचं स्टेशन धामणगाव, २९ मैलांवर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. युद्ध संपलं, भाव पडले, पण कपाशीचं पीक राहिलं ते राहिलंच. पठारावरचा कापूस बंड्यांनी धामणगावला जायचा आणि तिथून मुंबईला. २९ मैल म्हणजे ४७ किलोमीटर. भरल्या बंडीला एका दिवसात जमणारं अंतर नाही ते. बैल थांबणार, पाणी पिणार, माणसं रात्र काढणार. बाभूळगाव या वाटेवर जवळपास मध्यावर येतं. आज आपण बाभूळगावपर्यंतचं अंतर तासा-दीड तासात उतरतो, कारण उतार आपल्या बाजूने असतो. तोच उतार भरलेल्या बंडीच्या बैलांच्या मानेवर आणि खांद्यावर येत असे, हे इथून जाताना आठवावं.

बाभूळगाव तालुक्यात खडकसावंगा इथे बेंबळा नदीवर मोठं धरण झालं आहे. त्याच्या कालव्यांनी बाभूळगावबरोबर कळंब, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांची जमीन भिजावी अशी योजना. सायकलवाल्यासाठी कालवा ही फार उपयोगी खूण आहे. पाणी आपल्या वजनाने वाहत जावं म्हणून कालवा जमिनीच्या समान उंचीची रेघ धरून जातो, टेकडी आली तर वळसा घालतो. त्याच्या कडेने देखभालीसाठी केलेला मुरुमाचा रस्ता म्हणूनच मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट असतो. तो पाटबंधारे खात्याचा. जायचं तर विचारून जावं, कालव्याच्या काठावर पोरांना खेळू देऊ नये, आणि अस्तरीकरण केलेल्या कालव्यात तर पाय धुवायलाही उतरू नये. त्याच्या उतरत्या भिंती शेवाळाने निसरड्या असतात आणि आत पडलेल्याला धरायला काही नसतं.

बाभूळगावहून कळंबला येणारा भाग म्हणजे नागपूरच्या आराखड्यातला तो आडवा रस्ता. इथे रस्ता चुकण्याची शक्यता असते, आणि चुकलं तरी काही बिघडत नाही. फक्त विचारताना नीट विचारावं. "हा रस्ता कुठं जातो?" असं विचारलं तर पुढच्या गावाचं नाव मिळतं. "काकाजी, हा रस्ता पार निंगते का?" असं विचारलं तर खरी माहिती मिळते: नाल्यावरचा रपटा वाहून गेला आहे का, पुढे पांदण लागते का, मोटारसायकल जाते का. मोटारसायकल जाते म्हटलं की सायकल जातेच.

पांदणीबद्दल थोडं सांगायला हवं. वावरातून वावरात जाणाऱ्या या वाटा गाव नकाशात तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट. धुऱ्यावरून शेजाऱ्याला जाऊ देण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, आणि वाटेवरून होणारी भांडणं तहसीलदारापुढे येतात. धुरा थोडा थोडा सरकत जाऊन कित्येक पांदणी बुजल्या. राज्याने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती त्या मोकळ्या आणि पक्क्या करण्यासाठी. पांदण मोकळी झाली की कापूस घरी येतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेता येतं. सायकलवाला तिथे पाहुणा आहे. त्याने बंडीला वाट द्यावी आणि उभ्या पिकात चाक घालू नये.

कळंबच्या दक्षिणेला डोंगरखर्डा, मेटीखेडा, जोडमोहा हा डोंगराळ भाग. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच जायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हाही. चढ छोटे पण एकामागून एक, पायांची परीक्षा पाहणारे. पूर्वेला राळेगाव, आणि त्याच्यापलीकडे वणीची बाजू. वणीच्या मुख्य रस्त्यांवर मी कुणालाही सायकलने पाठवणार नाही. कोळशाच्या ट्रकांची धूळ आणि वेग, दोन्हीही जिवावरचे.

पठारावरची आणखी एक वाट नक्की करावी अशी आहे: यवतमाळहून दारव्ह्याकडे, 'शकुंतला' या छोट्या गाडीच्या मार्गाच्या सोबतीने. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अडीच फुटी लोहमार्गाची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसासाठी उभी केली. धामणगावच्या बंड्यांचं काम तिने हलकं केलं. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं आणि अलीकडच्या वर्षांत गाडीच थांबली. लासिना, लाख रायाजी, लाडखेड, दारव्हा मोतीबाग ही तिची स्टेशनं. छोट्या इंजिनाला कडक चढ झेपत नसे, म्हणून मार्ग वळणं घेत हळूहळू चढतो आणि उतरतो. आसपासच्या रस्त्यांनाही त्या सोप्या चढाचा लाभ मिळतो. वाटेवर यवतमाळजवळच लोहारा लागतं. 'आइन-ए-अकबरी'तलं हेच ते लोहारा, आणि तिथलं कमळेश्वराचं हेमाडपंती देऊळ आवर्जून थांबून पाहण्याजोगं आहे. दारव्ह्यापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर होतात. पुढे धामणगाव देव इथे मुंगसाजी महाराजांचं संस्थान आहे, तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतणारे सायकलस्वार शहाणे. बंद पडलेल्या लोहमार्गांवर परदेशात सायकलमार्ग केले जातात, तसं शकुंतलेचं करावं अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. या मार्गावरची गावं ब्रॉडगेजची मागणी करत आली आहेत, आणि त्यांचा हक्क आधी. रुळांवरून किंवा रुळांमधून सायकल चालवू नये, ती रेल्वेची जागा आहे. शेजारून जाणारे रस्ते पुरेसे आहेत.

दिवस कोणते निवडावेत? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून ऊन वाढतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा सकाळी नऊनंतर रस्त्यावर राहू नये. पहिल्या पावसाच्या आगेमागे विजा फार पडतात. मोकळ्या शिवारात ढग दाटले तर झाडाखाली उभं न राहता जवळच्या पक्क्या घरात, शाळेत किंवा देवळात शिरावं. पंक्चरचं साहित्य बारा महिने सोबत हवं. पावसाळ्यानंतर वाटेवर सराट्याचे वेल पसरतात. त्यांचं बी वाळलं की कोणत्याही बाजूने पडलं तरी त्याचा एक काटा वर राहतो, आणि मळकट रंगामुळे तो धुळीत दिसत नाही. टायरमध्ये काटा दिसला तर तो घाईने उपटू नये. हवा टिकून असेल तर तसंच पुढच्या गावापर्यंत जावं, तिथे सावलीत बसून ट्यूब काढावी.

आणि वाघ. हा विषय टाळून यवतमाळच्या सायकलमार्गांवर लिहिणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पांढरकवडा आणि घाटंजीच्या सीमेवरचं टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं आहे. वाघांना ते पुरत नाही. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि तीन हजार किलोमीटरहून जास्त भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तो गेला शेतांतून, नाल्यांतून, गावांना वळसे घालत. राळेगावच्या बाजूला 'अवनी' नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीच्या भीतीने गावंच्या गावं दोन वर्षं घराबाहेर पडताना चाचरत होती. २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. वाघाच्या हल्ल्यांत मेलेली माणसं शेतात आणि जंगलाच्या कडेला कामाला गेलेली गरीब माणसं होती. सायकलवर माणूस बसल्यासारखा, वाकलेला असतो आणि आवाज करत नाही. म्हणून जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर सूर्य वर येण्याआधी आणि मावळायच्या तासभर आधीपासून सायकल असूच नये. एकट्याने जाऊ नये. वनरक्षक किंवा गावकरी "आज इकडं नका जाऊ" म्हणाले की परत फिरावं. रोही आणि रानडुकरं तर पहाटे कुठल्याही वावरातून रस्त्यावर येतात, त्यांच्यासाठी उतारावर ब्रेकवर बोटं ठेवूनच राहावं.

या रस्त्यांचे रोजचे सायकलस्वार कोण, हेही पाहिलं पाहिजे. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी फाट्यावर उभं राहिलं तर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची रांग दिसते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात, १२५ मागास तालुक्यांत, आठवी ते बारावीतल्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत घर असलेल्या मुलींना सायकल मिळते. सातवीनंतर घरी बसली असती अशी मुलगी या सायकलवर दहावी-बारावीपर्यंत जाते. रस्त्याच्या खचलेल्या कडा, डांबरातली चीर, रपट्यावरचं शेवाळ हे तिच्या रोजच्या वाटेवर आहे. आपल्या रविवारच्या फेरीसाठी जे मागायचं ते तिच्यासाठी आधी मागायला हवं: कडेला दोन हात मुरमाची भरलेली, दाबलेली साइडपट्टी, आणि फाट्यावर एक दिवा.

आणखी एक मागणी फार स्वस्त आहे. बेल्जियममधल्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ साली सायकलमार्गांची एक नवी पद्धत सुरू झाली. ती सुचवणारा ह्यूगो बोलेन खाणीत अभियंता होता. खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांवर आकडे असतात, तसे त्याने गावांतल्या रस्त्यांच्या फाट्यांवर आकडे लावायला सांगितले. प्रत्येक फाट्यावर त्याचा आकडा आणि शेजारच्या फाट्यांकडे जाणारे बाण. माणूस निघताना कागदावर चार-पाच आकडे लिहून घेतो आणि हवी तेवढी फेरी करतो. ठरलेला एकच मार्ग नाही, नकाशा उलगडत बसायचं नाही. नेदरलँड्सने ही पद्धत उचलली, जर्मनीतही ती गेली. आपल्याकडे तर फाटे आधीपासून जागते आहेत. प्रत्येक गावाचा फाटा असतो, तिथे पानठेला असतो, चहा असतो, बसायला ओटा असतो आणि वाट सांगणारा माणूस असतो. नाही तो फक्त आकडा.

कळंब तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी आपापल्या फाट्यावर एक पत्र्याची पाटी लावली, तिच्यावर एक आकडा आणि पुढच्या दोन फाट्यांचे आकडे व अंतरं रंगवली, तर तेवढ्यावर काम सुरू होतं. यासाठी कोणत्याही योजनेची, निविदेची वाट पाहावी लागत नाही. कळंबमध्ये चिंतामणीच्या देवळाजवळ तालुक्याचा एक नकाशा लावावा, त्यात हे आकडे असावेत. वर्ध्याहून गाडीने आलेला माणूस तो बघून निघेल. वाटेवरच्या गावांत चहा घेईल, शेंगा विकत घेईल, पंक्चर काढून घेईल. शाळेला जाणाऱ्या मुलीच्या घरच्यांनाही ती कुठल्या फाट्यापर्यंत पोचली ते फोनवर विचारता येईल. हा लेख वाचणाऱ्यांत कुणी सरपंच, ग्रामसेवक किंवा शाळेचे मुख्याध्यापक असतील तर त्यांना माझी विनंती आहे: या हिवाळ्यात, वेचणी संपायच्या आत, आपल्या फाट्यावर पहिली पाटी लावा.